मुक्तीचा अर्थ

पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव नावाचे स्थानक आहे. दौंड तालुक्यातील या गावाजवळ पंडिता रमाबाई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांसाठी एक मोठी संस्था उभारली आणि तिला 'मुक्ती' हे नाव दिले. मराठी माणसाला हा शब्द परका नाही. कीर्तनात, प्रवचनात, घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात तो सहज येतो आणि तेथे त्याचा अर्थ बहुधा जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका असा असतो. केडगावच्या 'मुक्ती'त मात्र दिवसभर कामाची लगबग असे. शेतात पाणी धरले जाई, मागावर कापड विणले जाई, गाईगुरांची निगा राखली जाई, छापखान्यात खिळे जुळवले जात. नाव सुटकेचे आणि जीवन अखंड सेवेचे, अशी ही सांगड होती. ती रमाबाईंनी का घातली, हे समजून घ्यायचे असेल तर प्रथम ख्रिस्ती विचारातील स्वातंत्र्याची कल्पना थोडी पाहावी लागते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात येणाऱ्या गलतिया या प्रदेशातील ख्रिस्ती मंडळ्यांना संत पौलाने एक पत्र लिहिले. बायबलच्या नव्या करारात ते समाविष्ट आहे. तेथील लोकांपुढे मोठा पेच होता. यहुदी नसलेल्या माणसाने ख्रिस्तावर विश्वास ठेवला, तर त्याने सुंता आदी यहुदी नियमशास्त्राचे विधीही पाळले पाहिजेत काय? पौलाचे उत्तर स्पष्ट होते : नाही. देवाची कृपा विधींनी विकत घेता येत नाही. ती विश्वासाने मिळते, म्हणून विश्वासणारा माणूस स्वतंत्र आहे. परंतु एवढ्यावर तो थांबला नाही. बंधन सुटले म्हणजे मन मानेल तसे वागण्याची मोकळीक मिळाली, असे कोणी समजेल हे त्याने ओळखले होते. म्हणून त्याच पत्रात तो सांगतो, की हे स्वातंत्र्य स्वतःच्या वासना पुरवण्यासाठी नाही, तर प्रीतीने एकमेकांचे दास होण्यासाठी आहे.

'दास' हा शब्द येथे मुद्दाम आला आहे. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. जो स्वतंत्र, तो दास कसा? पुढे जर्मनीतील धर्मसुधारक मार्टिन लूथर याने १५२० मध्ये याच प्रश्नावर एक छोटा ग्रंथ लिहिला. ख्रिस्ती माणूस कोणाचाही अंकित नसतो आणि तरीही तो सर्वांचा सेवक असतो, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, असे त्याने मांडले. याचा उलगडा साध्या व्यवहारातूनही होतो. सरकारी कामावर वेठीला धरलेला माणूस ओझे वाहतो आणि शेजारच्या आजाऱ्याला बाजेवर घालून दवाखान्यात नेणारा माणूसही ओझेच वाहतो. दोघांचे खांदे सारखेच दुखतात. परंतु पहिल्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही. दुसऱ्याला ती आहे आणि तरी तो उठतो. सेवेला मोल येते ते या मोकळेपणामुळे. महाराष्ट्रातील वारकरी संतांनीही मोक्षापेक्षा भक्तीला वरचे स्थान दिले, त्यामुळे मराठी मनाला ही कल्पना अगदीच अनोळखी नव्हती.

रमाबाईंच्या बाबतीत या विचाराची मुळे त्यांच्या धर्मांतराच्या कितीतरी आधीची आहेत. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. स्त्रियांना वेदविद्येचा अधिकार नसला, तरी संस्कृत वाङ्मय शिकण्याचा आहे, असे त्यांचे मत होते आणि त्यासाठी त्यांनी सनातनी मंडळींचा रोष पत्करला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर पायी फिरले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. मागे उरलेले रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास उपाशीपोटी चालत राहिले. १८७८ मध्ये ही भावंडे कोलकात्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. जिला उपासमारीने रस्त्यावर आणले होते, ती वीस वर्षांची मुलगी आता पंडितसभांतून बोलू लागली. दुष्काळाची ती वर्षे पुढे त्यांच्या जीवनाला निर्णायक वळण देणार होती.

बंधूंच्या निधनानंतर १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो आंतरजातीय होता. मुलगी मनोरमा अजून एक वर्षाचीही झाली नव्हती, तोच १८८२ च्या फेब्रुवारीत मेधावी पटकीने वारले. त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इच्छेने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. परंतु श्रवणशक्ती मंदावत चालल्याने तो विचार त्यांना सोडावा लागला.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनीसंघात त्यांचा मुक्काम होता. या संघाच्या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने 'पतित' म्हणून झिडकारलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत. रमाबाईंनी ते पाहिले. ज्यांची सावलीही सभ्य घरांना नकोशी, अशा स्त्रियांची सुशिक्षित भगिनी आपुलकीने शुश्रूषा करीत होत्या. हे कशाच्या बळावर, असा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील, विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. त्या कथेत येशू एका परजातीच्या, लोकापवाद सोसणाऱ्या स्त्रीशी तिचा मान राखून बोलतो. रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात या अनुभवाला महत्त्वाचे स्थान दिले आहे. नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनानेही त्यांची बौद्धिक खात्री पटवली. पण ख्रिस्ती धर्माचे त्यांना पहिल्यांदा खरे आकर्षण वाटले, ते सेवेच्या दारातून. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

येथून पुढची हकिकत अनेकांना अपेक्षित नसते. धर्मांतर केलेली परदेशी विधवा, तीही ज्यांच्या आश्रयाला आहे त्यांच्याच धर्मात आलेली. तेव्हा ती आज्ञाधारक राहील असे भगिनीसंघाला वाटणे स्वाभाविक होते. घडले ते निराळेच. रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवीत होत्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा भारतातील बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवल्यास मायदेशी त्यांचे वजन कमी होईल, असे कारण देण्यात आले. कोलकात्याच्या पंडितसभेत बोललेल्या बाईला इंग्लंडमध्ये ही मर्यादा घातली जावी, यातील विसंगती रमाबाईंच्या लक्षात आली नसती तरच नवल. आपल्याला मन, बुद्धी आणि सदसद्विवेक आहे. धर्म स्वीकारला म्हणून तो कोणा अधिकाऱ्याच्या हाती सोपवला असे होत नाही, अशा आशयाची ठाम पत्रे त्यांनी लिहिली. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत, हेही त्यांना पटले नाही. आपल्या लोकांना न कळणाऱ्या भाषेपेक्षा संस्कृत का नको, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. त्यांनी शाकाहार सोडला नाही. जे तत्त्व बायबलमध्ये आपल्याला सापडत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मानावयाचे नाही, ही भूमिकाही त्यांनी सोडली नाही.

या वादात सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममातेला मनस्ताप झाला. रमाबाई अहंकारी झाल्या आहेत, असे त्यांना वाटे. तरीही रमाबाई त्यांना पत्रांतून 'आजीबाई' म्हणत राहिल्या आणि दोघींचा पत्रव्यवहार तुटला नाही. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना जाणवते, की रमाबाईंचे भांडण ख्रिस्ताशी नव्हते. ख्रिस्ताच्या नावाने दुसऱ्याच्या विवेकावर हक्क सांगणाऱ्यांशी होते. पौलाने गलतीकरांना जे सांगितले, तेच त्या एका अर्थाने इंग्रज धर्माधिकाऱ्यांना सांगत होत्या.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या साहाय्याची हमी मिळाली. या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. विधवांना शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याची संधी मिळावी, हा त्याचा हेतू होता. धर्मशिक्षण द्यावयाचे नाही आणि मुलींनी आपापले आचार पाळण्यास मोकळीक असावी, असे ठरले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार म्हणून लाभली. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. याच कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढून स्त्रीशिक्षणाचे प्रचंड कार्य केले.

मात्र १८९३ हेच वर्ष शारदा सदनाच्या कसोटीचे ठरले. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला. पुण्यात गदारोळ उठला. 'केसरी'ने कडक टीका केली. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावले नाही आणि येणाऱ्याला हाकलणारही नाही. माझी प्रार्थना मी चोरून का करावी? सल्लागारांचे म्हणणेही डावलण्याजोगे नाही. मुली वयाने लहान होत्या, पालकांनी विश्वासाने सोपवलेल्या होत्या. त्यांना अन्न, वस्त्र, विद्या देणारी व्यक्ती त्यांना आईसारखी वाटणार. अशा व्यक्तीचे दार नुसते उघडे असणे हेही एक प्रकारचे बोलावणे ठरते. ज्याने उपकार केले आहेत, त्याच्या धर्माविषयी उपकृताने घेतलेला निर्णय कितपत स्वतंत्र म्हणावा, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला आणि तो रास्त होता. ज्या बाईने वाँटेजमध्ये स्वतःच्या विवेकासाठी झगडा केला, तिच्याकडूनच त्याचे उत्तर अपेक्षित होते. रमाबाईंनी आपल्या बाजूने दिलेले उत्तर एवढेच होते, की मुलींनाही विवेक आहे आणि तो दडपण्याचा अधिकार पालकांना नाही, तसा आपल्यालाही नाही. या उत्तराने सर्वांचे समाधान झाले नाही आणि आजही होईलच असे नाही.

या गदारोळानंतर तीनच वर्षांनी मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. साल होते १८९६. शारदा सदनापुढे पैशांचा प्रश्न होता, कारण अमेरिकेतील मदतीची मुदत १८९८ मध्ये संपत होती. संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली होती. हिशेबी माणसाने अशा वेळी हात आखडता घेतला असता. रमाबाईंना मात्र स्वतःची दुष्काळातील पायपीट आठवली. त्या मध्य प्रांतात गेल्या, तेथील अन्नछत्रे पाहिली, उपाशी मुलींचा गैरफायदा घेणारी माणसेही पाहिली आणि सुमारे तीनशे स्त्रिया व मुली यांना आसरा देण्याचा निश्चय केला. आतापर्यंत सदनात बहुतेक उच्चवर्णीय विधवा होत्या. आता आलेल्यांत सर्व जातींच्या, आजारी, कृश, कधी शाळेचे तोंडही न पाहिलेल्या मुली होत्या. अशातच पुण्यात प्लेग पसरला आणि एवढ्या लोकांना शहरात ठेवणे शक्य राहिले नाही. केडगावच्या मळ्यात झोपड्या उभ्या राहिल्या. 'मुक्ती'ची ही सुरुवात होय.

सेवा म्हणजे निमूटपणा असे रमाबाईंनी मानले नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. प्लेगच्या काळात पुण्यातील रुग्णालयात स्त्रियांची जी अवस्था होत होती, तिच्याविषयी त्यांनी १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात उघडपणे लिहिले. सरकारला ते रुचले नाही. राज्यकर्ते ख्रिस्ती आणि लिहिणारीही ख्रिस्ती, म्हणून तिने लेखणी आवरली नाही.

१९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. 'कृपासदन' हे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी होते. फुलहॅममध्ये पाहिलेले दृश्य रमाबाई विसरल्या नव्हत्या. वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी 'प्रीतिसदन', मुलांसाठी 'सदानंद सदन' आणि अंध स्त्रियांसाठी 'बार्तीमी सदन' होते. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवली जाई. दूध, तेलघाणा, विणकाम, शिवण, शेती, छपाई अशी कामे स्त्रियाच करीत. शिकलेली मुलगी धाकटीला शिकवी, बरी झालेली आजाऱ्याजवळ बसे. आश्रय मिळालेल्या व्यक्तीने काही दिवसांतच दुसऱ्या कोणाला तरी आश्रय द्यावा, अशी ही रचना होती. दान घेणारीचे हात पुन्हा देणारे व्हावेत, यात रमाबाईंची खरी दृष्टी दिसते. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनाबाबतचा जुना प्रश्न येथे मिटला असे म्हणता येत नाही. उलट अनाथ मुलींच्या बाबतीत तो अधिकच गंभीर होता. मात्र त्या दुष्काळात या मुलींना जवळ करणारे हात थोडे होते, ही गोष्टही विसरता येत नाही.

रमाबाईंच्या आयुष्याची अखेरची सुमारे पंधरा-सोळा वर्षे ज्या कामात गेली, त्याकडे त्यांच्या चरित्राचे वाचक फारसे थांबत नाहीत. ते काम म्हणजे संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर. मराठी बायबल त्यापूर्वीही होते. परंतु त्याची भाषा खेड्यातून आलेल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या स्त्रियांना जड जाते, असे त्यांना दिसले. म्हणून मूळ ग्रंथापर्यंत जाण्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. मग ज्या संस्कृतच्या बळावर त्यांना 'सरस्वती' ही पदवी मिळाली होती, त्या संस्कृतचा साज उतरवून त्या दळणकांडण करणाऱ्या बाईला उमजेल असे मराठी शब्द शोधत बसल्या. विद्वानाला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट कोणती असेल, तर आपली विद्वत्ता वाक्यात दिसू न देणे. या भाषांतराविषयी मतभेद आहेत. काही ठिकाणी ते फारच शब्दशः झाले आहे, असे जाणकार म्हणतात. पण ते कोणासाठी केले, याविषयी मात्र संदेह राहत नाही.

नवा करार १९१३ मध्ये छापून झाला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. संस्थेची धुरा त्यांच्याकडे जाईल अशी अपेक्षा होती. त्यांच्या मागे रमाबाई जेमतेम आठ-नऊ महिने जगल्या आणि त्या काळातही जुन्या कराराची मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, कागद घडी करणाऱ्या आणि पुस्तके बांधणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येकींनी 'मुक्ती'त पाऊल टाकले, त्या दिवशी त्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते.